नैवेद्य, खत आणि कादंबरी : अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाविषयी

मराठी कादंबरीचा इतिहास आजवर बहुधा लेखकाच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणी कोणाचे अनुकरण केले, कोणत्या इंग्रजी कृतीची छाया कोठे पडली, वास्तवाचे भान कोणाला किती होते, हे प्रश्न त्यात पुनःपुन्हा येतात. वाचक येतो तो मुख्यतः तक्रारीचा विषय म्हणून. तो उथळ होता, त्याला चमत्कार हवे होते, त्याच्या या हव्यासापायी कादंबरीचे वास्तवाकडे वळणे लांबले, असा या तक्रारीचा आशय असतो. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली. त्यानंतर त्यांचीच ‘रत्नप्रभा’ (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), आणि त्यांच्या पाठोपाठ याच धाटणीच्या कितीतरी कादंबऱ्या आल्या. राजकन्या, कपटी प्रधान, अरण्यातील ताटातूट, योगायोगाने होणारे पुनर्मीलन हे त्यांचे साहित्य. या कादंबऱ्या आवडीने वाचल्या गेल्या, एवढे इतिहासकार मान्य करतात आणि पुढे जातात. ही आवड नेमकी कशाची होती आणि ती त्याच काळात का उत्पन्न झाली, याची विचारपूस फारशी झालेली नाही.

कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ (१९५३) या ग्रंथात या कादंबऱ्यांना सहानुभूतीने न्याय मिळाला आहे, परंतु तेथेही त्या एका वयात येणाऱ्या वाङ्मयप्रकाराच्या बाल्यावस्थेतील खुणा ठरतात. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) समाविष्ट असलेल्या प्रसिद्ध विवेचनात ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कृती मराठी कादंबरीच्या तीन प्रेरणांची प्रतिनिधी म्हणून योजिल्या आहेत. त्यांतील ‘मुक्तामाला’ ही रंजनाच्या, वास्तवाकडे पाठ फिरवण्याच्या प्रवृत्तीची खूण ठरते. हे वर्गीकरण अत्यंत उपयुक्त आहे, आणि त्याने मराठी समीक्षेला एक शिस्त लावली यात शंका नाही. तथापि ते लेखकाच्या वृत्तीचे वर्गीकरण आहे. वाचकाच्या बाजूने पाहू लागताच ‘पलायन’ या शब्दाविषयी एक साधा प्रश्न उभा राहतो. कोठून आणि कोठे? ज्या समाजात भूत, नवस, सिद्धपुरुष आणि शाप हे दैनंदिन व्यवहाराचाच भाग होते, त्या समाजातील वाचक चमत्काराच्या गोष्टीत शिरताना नेमका कोणत्या वास्तवातून पळत होता?

या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या पेठांत शोधण्याऐवजी एखाद्या तालुक्याच्या गावी शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण तेथे वाचणारे आणि न वाचणारे एकाच वेशीच्या आत राहत होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हा परिसर या दृष्टीने बोलका आहे. शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, हे पुणे–नगर रस्त्यावरचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे इंग्रजांची छावणी होती. १८१८च्या पहिल्या दिवशी कोरेगावला लढलेली पलटण आदल्या रात्री येथूनच निघाली होती. पुढे छावणीचे महत्त्व ओसरले आणि तालुक्याची कचेरी, सावकारी पेढ्या, शाळा आणि अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एवढे उरले. दौंडचे भाग्य रेल्वेने काढले. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ साली दौंडवरून दिकसाळपर्यंत पोहोचला, आणि १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर भीमथडीतले हे गाव जंक्शन झाले. एका बाजूस पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी (१८४८), दुसऱ्या बाजूस अहमदनगरचे त्याहूनही जुने वाचनालय (१८३८), आणि मधे हा कोरडवाहू मुलूख.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. शिरूरविषयीच्या नोंदीत तेथील जुन्या कबरस्तानातील एका थडग्याची हकीकत आहे. हे थडगे कर्नल विल्यम वॉलेस याचे. तो १८०९ साली वारला. पाऊणशे वर्षांनंतरही आसपासच्या गावांतील लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणून भजत होते. सुगीच्या वेळी धान्याचा पहिला वाटा त्याच्या थडग्यापाशी नैवेद्य म्हणून येई. परक्या राज्याच्या, परक्या धर्माच्या सेनाधिकाऱ्याचे दैवत व्हावे, ही घटना कोणत्याही अद्भुतरम्य कादंबरीकाराला सुचली असती तर समीक्षकांनी तिला असंभाव्य म्हटले असते. मात्र या हकीकतीतील खरी मोलाची गोष्ट नोंद करणाऱ्याने जाता जाता सांगितली आहे. शिरूर आणि शेजारच्या खेड्यांतील सर्व हिंदू या थडग्याची पूजा करतात, अपवाद फक्त ब्राह्मणांचा आणि मारवाडी वाण्यांचा.

हे दोन अपवाद म्हणजे त्या परिसरातील लेखणीचे दोन धनी होत. एकाकडे कुळकर्ण्याचे दप्तर, शाळा, कचेरी आणि पोथी, दुसऱ्याकडे खतावणी. नैवेद्य नेणाऱ्या बाकीच्यांचा कागदाशी संबंध येई तो निराळ्या रीतीने. कुणबी कर्जखतावर सही म्हणून नांगराची निशाणी काढी. वर काय लिहिले आहे ते त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे, आणि वाचून दाखवणारा बहुधा त्याच्या बाजूचा नसे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो उठाव झाला, आणि जो पुढे शिरूर, इंदापूर, पुरंदर व नगर जिल्ह्यातील तालुक्यांत पसरला, त्यात जमावाने मुख्यतः सावकारांची खते हिसकावून घेतली आणि जाळली. माणसे मारणे हा दंग्याचा हेतू नव्हता; कागद नाहीसा करणे हा होता. लिहिलेल्या अक्षरात माणसाची जमीन हिरावून घेण्याची शक्ती असते हा अनुभव होता, अंधश्रद्धा नव्हे. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने खते सरकारी निबंधकासमोर लिहिण्याची तरतूद केली, ती हा अनुभव मान्य करूनच.

तेव्हा १८६०–८० या दोन दशकांत या एकाच भूमीवर अक्षराची आणि अद्भुताची अशी विचित्र वाटणी झालेली दिसते. ज्यांचा अद्भुतावर विश्वास होता त्यांच्या वाट्याला कागद आला तो खताच्या रूपाने. ज्यांच्या हाती पुस्तक होते त्यांनी थडग्यावरचा नैवेद्य सोडलेला होता, किंवा कधी नेलाच नव्हता. आणि अद्भुतरम्य कादंबरीचा उत्साही वाचक या दुसऱ्या गटातला होता. चमत्कारावर विश्वास असणाऱ्यांनी ‘मंजुघोषा’ वाचली नाही. ज्यांचा तो विश्वास ढळू लागला होता त्यांनी वाचली.

हा विश्वास ढळवण्याचे काम सरकारी शाळेने, आणि शिरूरसारख्या ठिकाणी मिशनच्या शाळेनेही, पद्धतशीरपणे चालवले होते. भूगोल, खगोल, ग्रहणाचे कारण, वाफेचे यंत्र हे शिकवताना पुराणातील सृष्टी खरी नाही हे वेगळे सांगावे लागत नसे. या संदर्भात १८६१ हे वर्ष विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी शिक्षणखात्यातील मान्यवर विद्वान कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी त्यांच्याच ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या भाषांतराचा आरंभ झाला. एक पुस्तक वाचकाला सृष्टीचे नियम शिकवी, दुसरे तेच नियम मोडण्याची मौज देई. दोन्ही एकाच लेखणीतून उतरली, आणि बहुधा एकाच वाचकाकडे गेली. हा विरोधाभास नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. जिनाची गोष्ट मौजेची वाटण्यासाठी जिन नसतो हे आधी ठाऊक असावे लागते. हे भाषांतर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केले. भाग निघत राहिले आणि वाचक पुढच्या भागाची वाट पाहत राहिले. मालिकेची चटक मराठी वाचकाला प्रथम लागली ती येथे, असे म्हणण्यास हरकत नाही. ‘निबंधमाले’तून वाचनाविषयी गंभीर विवेचन करणाऱ्या लेखकाच्या घरातच हा उद्योग चालला होता, हे त्याच्या टीकाकारांनी क्वचितच लक्षात घेतले.

कोलरिजने १८१७ साली काव्यानंदाच्या मुळाशी अविश्वासाचे ऐच्छिक स्थगन असते असे म्हटले. ही उक्ती मराठी समीक्षेत इतक्या वेळा आली आहे की तिच्यातील गृहीतक दिसेनासे झाले आहे. स्थगित करायला अविश्वास आधी जवळ असावा लागतो. शिरूरच्या थडग्यापाशी नैवेद्य ठेवणाऱ्यापाशी स्थगित करण्याजोगे काही नव्हते. त्याच गावातील शाळामास्तराला मात्र ती सोय नुकतीच प्राप्त झाली होती. तॉदोरोव्हने १९७० साली अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील वाचकाच्या दोलायमानतेवर भर दिला. तीही अशा वाचकाची, ज्याच्यापुढे दोन स्पष्टीकरणे प्रत्यक्ष उभी आहेत. भारतीय काव्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव मानला आणि विश्वासाचा प्रश्न तेथे आणला नाही, कारण देव, गंधर्व, विद्याधर हे प्रेक्षकाच्या जगातच होते. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाचा विस्मय या दोहोंच्या मधला आहे. त्याच्या घरात गंधर्व होते, त्याच्या शाळेत नव्हते.

येथे पोथीचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण कादंबरीच्या वाचकाने ऐकण्याची सवय पोथीपासून घेतली होती. श्रीधराचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ चातुर्मासात देवळात वा ओसरीवर वाचले जात. वाचणारा एक, ऐकणारे अनेक, आणि ऐकणाऱ्यांत निरक्षरांचा भरणा मोठा. धुंडीसुत मालूचा शके १७४१ मधला (१८१९) ‘नवनाथ भक्तिसार’ तर चाळीस अध्यायांची अद्भुताची सलग मालिकाच होय. मच्छिंद्र, गोरख, जालिंदर यांच्या कथांत मंत्र, शाबरी विद्या, स्त्रीराज्य, मृतांना उठवणे असे सर्व काही आहे. रचनेच्या दृष्टीने ‘मुक्तामाले’पेक्षा त्यात अद्भुत अधिक, आणि कथानकाचा ओघही कमी वेगवान नाही. परंतु पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ‘नवनाथ भक्तिसारा’च्या अखेरच्या अध्यायात तर कोणता अध्याय वाचल्याने कोणते फळ मिळते याची क्रमवार यादीच दिली आहे. पोथी वाचण्यातील आनंद खरा, पण तो आनुषंगिक. वाचन हे कर्म आहे आणि कर्माला फळ आहे.

अद्भुतरम्य कादंबरीने पोथीतील जवळजवळ सर्व सामग्री घेतली आणि फलश्रुती टाकली. हे तिचे खरे धाडस होते, आणि ते तिच्या लेखकांनाही पुरते पेलले नाही. त्या काळच्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांत नीतिबोधाचे जे आश्वासन वारंवार येते, सद्गुणाचा जय आणि दुर्गुणाचा नाश दाखवला आहे असे जे सांगितले जाते, ते टाकलेल्या फलश्रुतीच्या जागी ठेवलेले दुसरे फळ होय. वाचकाने ते कितपत मनावर घेतले, हा प्रश्न वेगळा. नायिका संकटातून सुटते की नाही हे जाणण्यासाठी रात्री समई जाळणारा वाचक नीतीसाठी जागत होता असे मानण्याचे कारण नाही.

‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी मात्र निराळीच आणि फार प्रामाणिक भूमिका घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुण वा दुर्गुण सापडत नाहीत. रोज अनुभवाला येणाऱ्या गोष्टी लिहिल्या तर त्यांत रस वाटणार नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते. या विधानाचा उल्लेख नेहमी वास्तववादाला मुकलेल्या लेखकाची कबुली म्हणून केला जातो. वस्तुतः ते समाजाविषयीचे निरीक्षण आहे. आठव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी संसार, जातीने ठरवलेला व्यवसाय, वडिलांनी ठरवलेला निवास. जेथे निवडच नाही तेथे कथानक कोठून येणार? कादंबरी या प्रकाराला स्वतःचे भवितव्य घडवणारी व्यक्ती लागते, आणि तशी व्यक्ती मराठी समाजात १८६८ साली अपवादानेच होती. राजपुत्र आणि राजकन्या या निवड करू शकणाऱ्या व्यक्ती होत. एकमेकांना पाहून प्रेम करणे, घर सोडणे, वेषांतर करणे, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवणे, या साऱ्या क्रिया पात्रांना करता याव्यात एवढ्यासाठी त्यांना दूरच्या नगरीत नेऊन ठेवावे लागले. तालुक्याच्या कचेरीतील कारकुनाला ‘मंजुघोषे’त विमान वा राक्षस जितका आवडला असेल त्याहून स्वतःची वधू स्वतः निवडणारा नायक अधिक अद्भुत वाटला असणार. वास्तवातील उणिवेचे असे नेमके मोजमाप ‘यमुनापर्यटना’नंतर दुसऱ्या कोणत्या प्रस्तावनेत आढळते, हे शोधण्याजोगे आहे.

समीक्षेने रिसबुडांचा मुद्दा उचलला नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून या प्रकारांचा स्वतंत्र विचार केला. (‘नावल’ हा शब्द टिकला नाही. मराठीने बाणभट्टाच्या गंधर्वकन्येचे नाव घेतले आणि सर्वांत अद्भुत संस्कृत कथेवरून आपल्या वास्तववादी वाङ्मयप्रकाराचेही बारसे केले, ही गंमत कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही.) १९०२ साली राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध आला. अद्भुत आणि वास्तव यांतील भेद त्यांनी युरोपीय कादंबरीच्या व्यापक संदर्भात मांडला, आणि मराठी कादंबरीपुढे फार उंच मानदंड ठेवला. त्यानंतरची समीक्षा त्या मानदंडाशी प्रामाणिक राहिली. परंतु कादंबरीने समाजाचे दर्शन घडवावे, सुधारणेला हातभार लावावा, वाचकाला शहाणे करावे, ही अपेक्षा पोथीच्या फलश्रुतीहून फार निराळी आहे काय? वाचनाला फळ असलेच पाहिजे हा आग्रह दोहोंत समान आहे. निष्फळ वाचनाचा आनंद हा अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाने मिळवलेला हक्क होता, आणि तो त्याला ना कीर्तनकाराने दिला ना समीक्षकाने.

हा वाचकवर्ग किती लहान होता, हे विसरून चालणार नाही. १९०१च्या खानेसुमारीतही सबंध हिंदुस्थानात साक्षरतेचे प्रमाण शेकडा पाचांच्या थोडे वर होते. स्त्रियांत ते नगण्य होते. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले त्याच १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवण्याचे घाटत होते, आणि जोतीराव फुल्यांनी तिचे निमंत्रण पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांशी शूद्रादि अतिशूद्रांच्या अनुभवाचा मेळ बसत नाही अशांच्या सभेत आपण येऊन काय करावे, हा त्या पत्राचा रोख होता. दोन वर्षांपूर्वी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ज्या कुणब्याचे चित्र काढले तो भीमथडी-शिरूरचा खत जाळणारा कुणबीच होता. फुल्यांचा आक्षेप ‘मंजुघोषे’लाही लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तो ज्या कारणाने लागू पडतो ते कारण तिच्यातील अद्भुत हे नव्हे. अद्भुत तर त्या कुणब्यापाशीही होते. अंतर होते ते पुस्तकाचे. हाच आक्षेप ‘पण लक्षात कोण घेतो’ या वास्तववादी कृतीलाही तितकाच लागू पडतो, आणि वास्तव-अद्भुताच्या प्रतवारीने तो मिटत नाही.

पुस्तक गावापर्यंत पोहोचवण्याची साधने मात्र याच काळात झपाट्याने बदलली. गणपत कृष्णाजींच्या १८३१च्या शिळाप्रेसपासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरापर्यंतच्या प्रवासात छापील पान स्वस्त आणि सुबक झाले. १८७७ साली टपालखात्याने व्हॅल्यू पेएबलची पद्धत सुरू केली. किंमत आगाऊ न पाठवता पुस्तक मागवता येऊ लागले आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला तालुक्याचा वाचक हे गिऱ्हाईक म्हणून दिसू लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी दौंड जंक्शन झाले. रेल्वेने दौंडला आणलेली वस्ती, स्टेशनमास्तर, तारबाबू, गार्ड, मालधक्क्यावरचे कारकून, ही आपापल्या गावापासून, गावच्या देवळापासून आणि पोथी वाचणाऱ्या भटजीपासून तुटलेली होती. दोन गाड्यांमधला लांबलचक रिकामा वेळ हे तिच्या आयुष्याचे एक वैशिष्ट्य होते. एकट्याने, मनातल्या मनात, दिव्याखाली बसून वाचण्याची सवय अशा वस्तीत रुजते. ओसरीवरचे वाचन सर्वांना ऐकू जाई, म्हणून त्याला घराची संमती लागे. मूक वाचनाला ती लागत नाही. कादंबऱ्या सुना-लेकींच्या हाती पडू नयेत याविषयीची त्या काळातील धास्ती पुस्तकातील मजकुराची जितकी होती तितकीच या मूकपणाचीही होती.

१८८५ हेच वर्ष हरि नारायण आपट्यांच्या ‘मधली स्थिती’चेही आहे. मराठी वास्तववादाचा हा प्रारंभ रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक रहस्यमय कादंबरीच्या आधाराने झाला, हे सर्वश्रुत आहे. १८९० साली आपट्यांनी जे साप्ताहिक काढले त्याचे नाव ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची करुण कहाणी क्रमशः आली ती या नावाच्या पत्रातून. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक आपट्यांना आयता मिळाला होता, आणि तो तयार केला होता अरबी गोष्टींच्या भागांनी आणि ‘मुक्तामाले’च्या प्रकरणांनी. रेनॉल्ड्सविषयी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. तो स्वदेशी चार्टिस्ट चळवळीतला जहाल पुढारी होता आणि सरदार-उमरावांच्या दुराचारावर त्याचा डोळा होता. मराठीत त्याचा हा राजकीय दंश बव्हंशी गळून गेला. उरली ती भुयारे, वेषांतरे आणि तोतये. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्यांतून ही सामग्री इतकी देशी करून टाकली की मूळ लंडनचा मागमूस उरला नाही. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून अपंग झालेले द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव यांची ‘वीरधवल’ १९१३ची. तिच्या आवृत्त्या पुढे कित्येक दशके निघत राहिल्या. ‘टीकाकारांनी उपेक्षिलेली’ हे विशेषण तिला जितके शोभते तितके मराठीतील थोड्या कादंबऱ्यांना शोभेल.

हिंदीतील समांतर उदाहरण येथे उद्बोधक ठरते. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८पासून निघू लागली आणि तिच्यामागून ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग आले. तिलिस्म आणि ऐयार यांच्या या मालिकेसाठी उर्दू जाणणारे अनेक लोक नागरी लिपी शिकले. १९२९ साली आपला इतिहास लिहिताना रामचंद्र शुक्लांनी या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसवण्यास नकार दिला, पण हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणा ग्रंथकाराने दिले नाहीत हेही त्याच परिच्छेदात नोंदवले. वाचक निर्माण करणारी कृती साहित्यात मोडत नाही, या भूमिकेतील अडचण शुक्लांना जाणवली होती असे दिसते. मराठीत ती अडचण कोणाला फारशी जाणवली नाही, कारण मराठी समीक्षेने वाचक कोठून आला हा प्रश्नच विचारला नाही.

विसाव्या शतकात साक्षरतेची सीमा हळूहळू सरकली. लोकल बोर्डाच्या शाळा, १९१९ नंतर रयत शिक्षण संस्थेचे कार्य, स्वातंत्र्योत्तर काळातील प्राथमिक शिक्षण, आणि १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदानावर आलेली तालुक्या-खेड्यांची वाचनालये यांमुळे ज्या घरांतून वॉलेसच्या थडग्यापाशी धान्य जात होते, ज्या घरांची खते सुप्याच्या बाजारात जळली, त्या घरांतील मुले पुस्तकापर्यंत पोहोचली. पहिल्या पिढीचा साक्षर वाचक थेट सामाजिक कादंबरीकडे जात नाही, हा अनुभव वाचनालये चालवणाऱ्यांना नवा नाही. तो नाथमाधवांकडे, दातारशास्त्र्यांकडे, पुढे बाबूराव अर्नाळकरांकडे जातो. १८६०च्या दशकात पांढरपेशा वाचकाने अद्भुत आणि विश्वास यांची जी फारकत पत्करली तीच या वाचकाला शंभर वर्षांनंतर, आणि पुष्कळदा एकाच पिढीत, पत्करावी लागली. फरक असा, की पांढरपेशा वाचकाने पोथी मागे टाकल्याचा आव आणला. या घरांत ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायणही चालू राहिले. श्रावणात पाटावर पोथी मांडून, फळाची अपेक्षा धरून तिचे वाचन होई. एरवी वाचनालयातील फाटक्या बांधणीची ‘वीरधवल’ कोणतीही अपेक्षा न धरता वाचली जाई. एकाच डोळ्यांनी, एकाच लिपीत, दोन अगदी निराळ्या करारांखाली.

या दुसऱ्या वाचकाच्या उत्साहाची दखल घेण्यास समीक्षेजवळ तेव्हा भाषाच उरली नव्हती. तो वाचू लागला त्याच्या किती तरी आधी, १९०२ पासून पुढच्या अर्धशतकात, अद्भुतरम्य कादंबरी ही मराठीची संपलेली बाल्यावस्था ठरवून झाली होती. ज्यांचे बाल्य संपले होते त्यांनी तो निर्णय दिला होता. शिरूर-दौंडच्या खेड्यांतील वाचकाने पहिले पुस्तक हाती घेतले तेव्हा तो आधीच छापून झालेला होता.